शेडमधली मस्टँग

अमेरिकेतल्या एखाद्या शेतावरच्या शेडमध्ये आजही १९६५-६६ची फोर्ड मस्टँग धूळ खात पडलेली सापडते. रंग उडालेला, टायर बसलेले, सीटमध्ये उंदरांचा संसार. याला घाबरायचं कारण नाही. घाबरायचं ते गंजाला. या गाडीला वेगळी चासी नाही, पत्र्याचा सांगाडाच सगळा भार पेलतो. सर्वांत दगाबाज जागा म्हणजे पुढच्या काचेखालची हवेची जाळी. तिच्याखालचा पत्रा आतून कुजतो आणि बाहेरून काही कळत नाही. जाळीवर तांब्याभर पाणी ओता आणि गाडीच्या आत गालिच्याखाली हात घाला. हात ओला झाला, तर किंमत बरीच पाडून मागा. तो पत्रा दुरुस्त करण्याचं काम खर्चिक आहे.

मग गाडीचा नंबर वाचा, नंबरप्लेटवरचा नव्हे, पत्र्यावर ठोकलेला. त्यातलं पाचवं अक्षर इंजिनाचं. ‘टी’ म्हणजे साधं सहा सिलिंडरचं, ‘के’ म्हणजे २७१ अश्वशक्तीचं व्ही-८. ‘के’ दिसला तर मालकासमोर चेहरा कोरा ठेवावा!

वर्षानुवर्षं बंद पडलेल्या इंजिनाला थेट चावी मारू नये. प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडावं, मुरू द्यावं आणि पाना लावून क्रँक हातानेच फिरवावा. टाकीतलं जुनं पेट्रोल फेकूनच द्यावं.

ब्रेककडे मात्र आधी बघावं. या गाड्यांत चारही चाकांचं ब्रेक ऑइल एकाच मास्टर सिलिंडरच्या एकाच कप्प्यातून जातं. एक नळी फुटली की सगळा ब्रेक गेला. म्हणून बरेच जण १९६७पासून आलेला दुहेरी सिलिंडर बसवतात. अस्सलपणाचे आग्रही नाकं मुरडतात, मुरडू देत.