केस पेपरवरची एक ओळ

साताऱ्याला विमा नवा नाही. अण्णासाहेब चिरमुले यांनी १९१३ मध्ये येथे वेस्टर्न इंडिया लाईफ इन्शुरन्स कंपनी स्थापन केली. १९५६ मध्ये आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण होऊन अशा दोनशेहून अधिक संस्था आयुर्विमा महामंडळात विलीन झाल्या. त्यामुळे जिल्ह्यातील कित्येक घरांत विम्याचा कागद तिसऱ्या-चौथ्या पिढीपासून कपाटात आहे. मात्र आयुर्विम्याचा दावा आणि आरोग्यविम्याचा दावा यांत मोठे अंतर आहे. आयुर्विम्यात बहुतेक वेळा मृत्यूचा दाखला आणि पॉलिसी एवढ्यावर काम भागते. आरोग्यविम्यात माणूस हयात असतो, खाटेवर असतो, आणि त्याच्या आजाराचा सारा इतिहास कागदावरून वाचला जातो.

हे वाचणारा जो असतो तो दावा परीक्षक. विमा कंपनीत किंवा तिच्या वतीने काम पाहणाऱ्या टीपीए संस्थेत तो बसतो. अनेक ठिकाणी हे काम वैद्यकीय पदवीधरच करतात. रुग्णाला तो कधी पाहत नाही. त्याच्यापुढे असतो तो केस पेपर, तपासण्यांचे अहवाल, डिस्चार्ज कार्ड, बिले आणि पॉलिसीच्या अटी. त्याला ठरावीक प्रश्नांची उत्तरे हवी असतात. आजार पॉलिसीत बसतो का? दाखल होण्याची खरोखर गरज होती का, की केवळ तपासण्यांसाठी खाट घेतली? आजार पॉलिसी घेण्यापूर्वीचा आहे का? बिलातील कोणता खर्च देय आहे? पुष्कळ घरांत त्याच्याविषयी राग असतो, पण खोटी बिले अडवणे हेही त्याचेच काम आहे. तो चुकतो तेव्हा दाद मागता येते. त्याविषयी पुढे येईलच.

सांगली जिल्ह्यातील मिरज हे वैद्यकीय उपचारांचे जुने केंद्र. डॉ. विल्यम वॉन्लेस यांचे मिशन रुग्णालय तेथे १८९४ मध्ये सुरू झाले आणि गाव रुग्णालयांचे म्हणूनच ओळखले जाऊ लागले. इकडे साताऱ्याच्या बाजूला कराड आहे. तासगाव, जत, माण, खटाव येथून वृद्धांना घेऊन नातेवाईक या दोन गावी येतात, आणि बरेचदा रात्री. दाव्याचे भवितव्य पुष्कळदा त्याच रात्री ठरते, याची कल्पना मात्र कोणालाच नसते.

दाखल करून घेताना निवासी डॉक्टर विचारतात, “साखर किती वर्षांपासून आहे?” सासूबाई ग्लानीत असतात, सून भेदरलेली असते. ती म्हणते, “झाली असतील आठ-दहा वर्षे.” केस पेपरवर ओळ उमटते : मधुमेह, १० वर्षे. प्रत्यक्षात निदान चार वर्षांपूर्वीचे आणि पॉलिसी सहा वर्षांपूर्वीची असते. परीक्षकापुढे मात्र लेखी पुरावा येतो की आजार पॉलिसीच्या आधीचा होता आणि तो लपवला गेला. एका अंदाजी उत्तरामुळे प्रामाणिक कुटुंब खोटे ठरते. नंतर डॉक्टरांकडून दुरुस्तीचे पत्र आणले तरी ते मागाहून लिहून घेतले आहे हे परीक्षकाला दिसतेच, आणि तो त्याला पहिल्या नोंदीइतके वजन देत नाही.

यावर उपाय साधा आहे. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, थायरॉईड यांचे पहिले निदान ज्या कागदावर आहे, तो पहिला प्रिस्क्रिप्शनचा कागद आणि पहिला रक्ततपासणी अहवाल फाईलच्या अगदी वर लावावा. त्याची छायाप्रत मुलाच्या, सुनेच्या फोनमध्येही असावी. दाखल होताना नक्की वर्ष ठाऊक नसेल तर “कागद पाहून सांगतो” म्हणावे, डॉक्टर थांबतात. अंदाज सांगू नये. तसेच खोटेही सांगू नये, कारण डॉक्टरांना उपचारासाठी खरा इतिहासच लागतो.

पॉलिसी घेतानाच काही ओळखीचे लोक सल्ला देतात, “बीपीचे लिहू नका, हप्ता वाढतो.” हा सल्ला देणारा दाव्याच्या वेळी शेजारी उभा नसतो. आजार आधी सांगितला, तर आरोग्यविम्यात त्यासाठी जास्तीत जास्त ३६ महिने थांबावे लागते. हा नियम २०२४ पासूनचा आहे, पूर्वी ही मर्यादा ४८ महिन्यांची होती. शिवाय सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिली की त्यानंतर आजार सांगितला नव्हता या कारणावरून दावा नाकारता येत नाही. फसवणूक सिद्ध झाली तरच गोष्ट वेगळी. म्हणून ज्येष्ठांच्या पॉलिसीत खंड पडू देणे फार महागात पडते.

दुसरा फटका खोलीचा. तीन लाखांच्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा एक टक्का, म्हणजे दिवसाला ३,००० रुपये आहे असे धरू. आईला त्रास नको म्हणून मुलगा ५,००० रुपयांची खोली घेतो. पाच दिवसांचे वरचे १०,००० रुपये आपण भरू, असा त्याचा हिशेब असतो. परंतु अनेक पॉलिसींत शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ, शस्त्रक्रियागृह यांचे शुल्कही त्याच प्रमाणात, म्हणजे ६० टक्केच मिळते. ते शुल्क ८०,००० असेल तर त्यातले ३२,००० गेले. एकूण ४२,००० रुपये खिशातून. औषधे, तपासण्या आणि शरीरात बसवलेली साधने यांना ही कपात लागू नाही, हे बिल पडताळताना लक्षात ठेवावे. काही ज्येष्ठ नागरिक पॉलिसींत याशिवाय ठरावीक टक्के वाटा रुग्णाचाच असतो. मोतीबिंदूला बहुधा वेगळी मर्यादा असते.

विमा नियामक प्राधिकरणाच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेस विनंतीवर एका तासात निर्णय व्हावा, आणि घरी सोडताना अंतिम मंजुरी तीन तासांत मिळावी. त्याहून उशीर झाल्याने रुग्णालयाचे भाडे वाढले, तर तो भार कंपनीचा. तसेच एकट्या परीक्षकाला दावा नाकारता येत नाही. कंपनीच्या समितीची मान्यता लागते, आणि पॉलिसीतील कोणत्या अटीमुळे नकार दिला ते कळवावे लागते. हे पत्र लेखी मागावे. फोनवरचा नकार नकार समजू नये.

पत्र हाती आले की आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपाल आहेत. सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे त्यांच्या पुणे कार्यालयाकडे येतात. शुल्क नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात, मात्र कंपनीच्या अंतिम नकारापासून वर्षाच्या आत जावे लागते. सुनावणी दृक्-श्राव्य माध्यमातूनही होऊ शकते. ज्यांना जिना चढवत नाही त्यांच्यासाठी ही मोठी सोय आहे. नियामकाचा १५५२५५ हा क्रमांकही आहे.

ज्यांच्याकडे पॉलिसीच नाही, अशा सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्न न पाहता आयुष्मान भारतचे पाच लाखांपर्यंतचे संरक्षण ऑक्टोबर २०२४ पासून मिळते. नोंदणीला आधार कार्ड लागते. कार्ड आजारी पडण्याआधीच काढून ठेवावे, कारण बोटांचे ठसे झिजलेल्या वृद्धांची ओळख पटवण्यात वेळ जातो आणि तो वेळ अपघात विभागाच्या दारात नसतो.