पत्ता विचारणारा मधला सर्व्हर

जुन्नर तालुक्यातील खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीचे संकेतस्थळ आपण नावाने शोधतो. संगणकाला मात्र अंकी पत्ता लागतो. तो शोधून देणारी डीएनएस व्यवस्था पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली.

समजा, आंबेगावातील घोडेगावच्या एका शाळेतले सारे संगणक एकाच मधल्या सर्व्हरला पत्ते विचारतात. तो प्रश्न पुढे पाठवतो. आलेले उत्तर त्याने ठरावीक मुदतीपर्यंत स्मृतीत ठेवले, तर पुढच्याला ते तत्काळ मिळते. न ठेवल्यास दरवेळी नवी फेरी. प्रश्न वाटेत हरवला, तर लिनक्स संगणक सहसा ५ सेकंद थांबून पुन्हा विचारतो. म्हणून जोडणी वेगवान असूनही पान रेंगाळते.

पडताळा घ्या: एकच पत्ता लागोपाठ दोन संगणकांवरून विचारा. दुसऱ्यालाही तितकाच वेळ लागला, तर मधल्या सर्व्हरची स्मृती तपासा.