मोटारीच्या लहान भागांचे घरगुती रंगकाम

मोटारगाडीला पहिला ओरखडा पडतो तो पुष्कळदा हमरस्त्यावर नव्हे, तर स्वतःच्याच फाटकापाशी. बंपरचा कोपरा कुंपणाला घासतो, शेजारून जाणाऱ्या सायकलची मूठ आरशाच्या टोपणाला लागते, पेट्रोलच्या टाकीवरील झाकणाच्या कडेचा टवका उडतो. इजा इतकी क्षुल्लक असते की तेवढ्यासाठी गाडी चार दिवस गॅरेजमध्ये सोडून येणे मालकाच्या जिवावर येते. साहजिकच ती तशीच राहते. पहिला पाऊस पडून गेला की पत्र्याच्या त्या जागेवर तांबूस डाग उमटतो आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत डागाचा फोड झालेला असतो.

हे असे का होते, ते समजून घेतल्यावाचून रंगकामाला हात घालू नये. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या आजच्या गाडीच्या पत्र्यावर साधारणतः चार थर असतात. अगदी तळाशी विजेच्या साहाय्याने बसविलेले गंजरोधक अस्तर, त्यावर दुसरे अस्तर, मग प्रत्यक्ष रंग आणि सर्वांत वर पारदर्शक लेप. ह्या चारांची मिळून जाडी सुमारे एक दशांश मिलिमीटर, म्हणजे लिहिण्याच्या एका कागदाएवढी! एवढ्याशा आवरणाच्या आधारावर लोखंडी पत्रा हवा आणि पाणी ह्यांच्यापासून सुरक्षित राहतो. आवरण एका ठिकाणी फाटले की तेथे गंज धरतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा लागत असल्यामुळे तो भोवतालचा धडधाकट रंगही खालून उचलून धरतो आणि आत आत सरकत जातो. मुंबई, चेन्नई किंवा विशाखापट्टण ह्यांसारख्या समुद्रकाठच्या शहरांत हवेतील क्षार ह्या कामाला हातभारच लावतात. मोटारीचा रंग हा आधी पत्र्याचे कवच आहे आणि त्यानंतर शोभा. घरी रंग देणारा पुष्कळदा हा क्रम उलटा लावतो आणि तेथेच फसतो.

मोटारींच्या आरंभकाळी हे काम घोडागाडीच्या पद्धतीने, कुंचल्याने व्हार्निशाचे हात देऊन चाले. एक गाडी पुरी वाळायला आठवडे लागत. अमेरिकेत ड्युपाँ कंपनीने नायट्रोसेल्युलोजपासून त्वरित वाळणारा रंग तयार केला आणि १९२४ सालच्या ओकलंड गाडीवर तो झळकला. ड्युको हे त्याचे नाव. गाड्या बदलल्या, रंगांचे रसायन बदलले. आपल्याकडील जुन्या कारागिरांच्या तोंडी मात्र ‘ड्युको मारणे’ हा शब्दप्रयोग टिकून राहिला.

घरी कोणते भाग रंगवावेत? जे सुटे करता येतात ते. आरशाचे टोपण, पेट्रोलचे झाकण, चाकाची टोपी, फार तर बंपरचा एखादा कोपरा. दार किंवा बॉनेट ह्यांच्या वाटेस जाऊ नये. एक तर एवढ्या मोठ्या सपाटीवर हाताची प्रत्येक चूक दिसते. दुसरे असे की, उन्हाने विटलेल्या जुन्या रंगाशी डब्यातला नवा रंग तंतोतंत जुळत नाही. रंगाचा सांकेतिक क्रमांक बहुधा दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर सापडतो. परंतु तो सांगतो कारखान्यातला रंग, आठ उन्हाळे खाल्लेला नव्हे. सुटा भाग स्वतःच्या कडांनी वेगळा पडलेला असल्यामुळे तेथे हा फरक नजरेत भरत नाही. (संपूर्ण गाडीचाच रंग बदलायचा असेल, तर गोष्ट निराळी. नोंदणीपत्रात रंग नमूद केलेला असतो आणि परिवहन कार्यालयाची पायरी चढणे चुकत नाही.)

ह्या कामातील खरी मेहनत रंग देण्यात नसून रंगापूर्वीच्या तयारीत आहे. भाग साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवावा आणि मग तेलमेण काढणाऱ्या द्रवाने पुसावा. हे पुसणे घासण्याच्या आधी व्हावयास हवे. नाहीतर पूर्वी केलेल्या पॉलिशमधील सिलिकोन ओरखड्यांत चोळले जाते आणि नवा रंग तेवढ्या जागी माशाच्या डोळ्यासारखी गोल भोके ठेवून मागे सरतो. नंतर गंज उघड्या, चकचकीत धातूपर्यंत खरवडावा. त्यासाठी १८० क्रमांकाचा पॉलिश पेपर पुरतो. भोवतालच्या रंगाच्या कडा ४०० क्रमांकाने घासून इतक्या उतरत्या कराव्यात की, डोळे मिटून बोट फिरविले असता पायरी लागू नये. ह्या परीक्षेत बोट डोळ्यापेक्षा अधिक विश्वासू ठरते.

खोलगट पोचा असेल तर लांबी भरावी लागते. ही लांबी पाणी शोषून घेते, म्हणून ती कोरडीच घासलेली बरी. अस्तराचेही तसेच. राखी अस्तर मारून गाडी महिनाभर तशीच हिंडविणारे पुष्कळ दिसतात. पत्रा झाकला गेला, आता भय नाही, असा त्यांचा समज असतो. वस्तुतः पुष्कळसे साधे अस्तर सच्छिद्र असते. त्यातून पाणी झिरपते आणि गंज झाकणाखाली निवांत वाढतो. प्लॅस्टिकच्या भागाला गंजाची भीती नाही. परंतु बंपरच्या प्लॅस्टिकला रंग सहजी धरत नाही. त्यासाठी मिळणारे खास चिकट अस्तर आधी द्यावे, नाहीतर रंग पापुद्र्यासारखा सुटून येतो.

फवाऱ्याचा डबा दोन-तीन मिनिटे चांगला हलवून सुमारे वीत-सव्वा वीत अंतरावरून चालवावा. हात भागाच्या बाहेर सुरू होऊन बाहेरच थांबावा. पहिला हात नुसती धूळ बसल्यासारखा विरळ असावा. एकाच हातात झाकून टाकण्याचा मोह झाला की ओघळ आलेच. दोन हातांमध्ये दहा-पंधरा मिनिटे जाऊ द्यावीत आणि शेवटी पारदर्शक लेपाचे दोन-तीन हात द्यावेत.

ह्या कामाचा मुहूर्त पंचांगात नव्हे, हवेत शोधावा. रंगातील द्रावक उडून जाताना पृष्ठभाग थंड करतो. पावसाळी दमट दिवशी त्या थंड पृष्ठभागावर हवेतील बाष्प टिपले जाते आणि रंगावर पांढुरके सावट येते. उलट, नागपूरच्या मे महिन्यातील दुपारी रंगाचा कण वाटेतच वाळून खरखरीत होऊन बसतो. दिल्लीकडे उन्हाळ्यात धुळीची वावटळ केव्हा येईल त्याचा नेम नाही. बहुतेक ठिकाणी दिवाळीनंतरची कोरडी, निवांत सकाळ चांगली.

आता ज्या बाबतीत हयगय चालत नाही ती. द्रावकाची वाफ ज्वालाग्राही असते आणि हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साचते. बंद बाल्कनीत किंवा तळघरात हे काम करू नये. आणि लगतच्या खोलीत गॅस पेटलेला असेल किंवा देवघरात समई तेवत असेल तर मुळीच नाही. नाकावर बांधलेला रुमाल वाफ अडवीत नाही. त्यासाठी कोळशाची गाळणी असलेला मुखवटा लागतो. जुन्या गाड्यांच्या पिवळ्या-तांबड्या रंगांत शिशाची संयुगे वापरीत असत. घरगुती रंगांतील शिशावर २०१७ पासून आपल्याकडे कायद्याने मर्यादा आली, ती मोटारीच्या रंगांसाठी नव्हती. म्हणून जुना रंग पाण्यात भिजवूनच घासावा, मुलांना दूर ठेवावे आणि घासलेला गाळ बागेत टाकू नये.

कठीणक मिसळून वापरावयाचे रंग अधिक टिकाऊ असतात हे खरे. परंतु त्या कठीणकात बहुधा आयसोसायनेट असते. त्याच्या फवाऱ्याने धट्ट्याकट्ट्या माणसालाही दमा जडू शकतो आणि एकदा जडल्यावर अत्यल्प संपर्कानेही तो पुन्हा उसळतो. कोळशाच्या मुखवट्यावर तेथे भिस्त ठेवता येत नाही. बाहेरून शुद्ध हवा पुरविणारी साधने लागतात. असे रंग घरी वापरू नयेत. रस्त्याकडेच्या गॅरेजात तोंडाला नुसता पंचा गुंडाळून ते फवारणारी पोरे दिसतात. त्यांच्या हाती गाडी सोपविणाऱ्याने रंगाची चमक पाहण्याआधी तो पंचा पाहावा.

रंग तासाभरात हाताला कोरडा लागतो. आतून पक्का व्हायला मात्र दिवस लागतात. कारखान्यात भट्टीची उष्णता जे काम मिनिटांत करते, ते घरी काळावर सोपवावे लागते. एखादा आठवडा गेल्यावर २००० क्रमांकाचा पेपर पाण्यात बुडवून हलकेच फिरवावा, पॉलिश करावे आणि भाग जागेवर बसवावा. स्क्रूखालची रबरी चकती विसरू नये, नाहीतर तेथूनच पुन्हा पाणी शिरते. मेण मात्र महिनाभर लावू नये. उरलेल्या द्रावकाला अजून बाहेर पडावयाचे असते.