शेताचे क्षेत्र कोणत्या नकाशावरून काढावे?



मोबाईलवर नकाशा उघडून शेताच्या चारी कोपऱ्यांवर खुणा केल्या की क्षेत्राचा आकडा येतो. नांगरटीचे पैसे, बियाणे, खत यांचा हिशेब आता पुष्कळदा त्यावरच होतो. पण एकच शेत एका नकाशावर ४० आर आणि दुसऱ्यावर ४५ आर भरले, तर खरे कोणते मानायचे?

याचे कारण समजून घ्या. पृथ्वी गोल, नकाशा सपाट. मोसंबीची साल पाटावर दाबून बघा. कुठे फाटते, कुठे ताणते. पृथ्वीचा गोल सपाट कागदावर उतरवण्याच्या रीतीला प्रक्षेपण म्हणतात. काही रीती दिशा व आकार सांभाळतात, काही क्षेत्र. दोन्ही एकदम साधत नाही.

संगणकावरचे पुष्कळ नकाशे ‘वेब मर्केटर’ रीतीचे असतात. मूळ मर्केटर रीत १५६९ साली खलाशांच्या सोयीसाठी निघाली. विषुववृत्तापासून जितके दूर जावे तितके तिच्यात क्षेत्र फुगते. बीड सुमारे १९ अंश उत्तरेस आहे. इथे त्या चित्रावरून हिशेब केला, तर १ हेक्टर म्हणजे १०० आर रान ११२ आर दिसते. सोयाबीनचे बियाणे हेक्टरी ७५ किलो धरणारा शेतकरी ९ किलो जादा विकत घेईल!

मग काय करावे?

१. सरकारी मोजणी झालेल्या शेताच्या हद्दखुणांवर आपले अ‍ॅप एकदा तपासा. एकरी पाचेक गुंठे जादा दाखवले, तर ते अ‍ॅप क्षेत्रासाठी वापरू नका. चांगले अ‍ॅप चित्र तेच दाखवते, पण क्षेत्र पृथ्वीची गोलाई धरून काढते.

२. शेतकरी गटाच्या संगणकावर शेतांची नोंद असेल, तर क्षेत्र ‘यूटीएम ४३ उत्तर’ या रीतीने काढायला सांगा. आपल्या जिल्ह्यात तिची चूक हेक्टरी १० चौरस मीटरच्या आतच राहते.

३. मोबाईल घेऊन बांधाने फिरताना खूण काही मीटर सरकू शकते. लहान तुकड्यात ही चूक मोठी ठरते. म्हणून दोन-तीनदा मोजा.

४. सातबाऱ्यावरील एकूण क्षेत्रात पोटखराबाही असतो. बियाण्याचा हिशेब लागवडीखालील रानावरच करा.

५. खरेदी, वाटणी किंवा बांधाचा वाद असेल, तर मोबाईलचे माप धरू नका. तालुक्याच्या भूमि अभिलेख कार्यालयात अर्ज देऊन मोजणी करून घ्या.

तेव्हा मंडळी, आकडा धरण्याआधी तो कोणत्या रीतीने काढला, हे जरूर विचारा.