जुन्या ट्रॅक्टरमधील पाण्याची व तेलाची गळती : कारणे आणि उपाय

पाऊस पडून जमिनीला वापसा आला की पेरणीसाठी हाती मोजकेच दिवस असतात. नेमक्या याच दिवसांत ट्रॅक्टर मिस्त्रीकडे अडकून पडला तर पेरणी लांबते. जुन्या ट्रॅक्टरखाली पाण्याचे किंवा तेलाचे थेंब दिसणे नेहमीचेच समजले जाते आणि रोज थोडे पाणी, थोडे तेल टाकून काम रेटले जाते. पण हिशेब करून पाहा. साधारण २० थेंबांचे १ मिलिलिटर होते. सेकंदाला एक थेंब तेल गळत असेल, तर तासाला सुमारे १८० मिलिलिटर आणि १० तासांच्या नांगरटीत १.८ लिटर तेल जाते. तेल कमी पडले तर बेअरिंग व क्रँक शाफ्ट खराब होतात, पाणी कमी पडले तर हेड वाकते किंवा पिस्टन जाम होतो. म्हणून गळतीची दुरुस्ती हंगामापूर्वीच करून घ्यावी.

गळतीचे मूळ शोधा

जेथून थेंब पडतो तेथूनच गळती होते असे नाही. पंख्याच्या वाऱ्याने तेल मागे सरकते व खाली उतरून भलत्याच ठिकाणी ठिबकते. याकरिता थंड इंजिन डिझेल व ब्रशने स्वच्छ धुऊन पुसून कोरडे करावे. संशयित जोडांवर खडूची पूड लावावी व इंजिन १० ते १५ मिनिटे चालवून बंद करावे. पूड जेथे सर्वांत वर ओली झाली असेल, तेथे गळतीचे मूळ असते. इंजिन चालू असताना पंखा व पट्ट्याजवळ हात नेऊ नये. रात्री ट्रॅक्टरखाली पुठ्ठा अंथरल्यास सकाळी डागावरून पाणी, इंजिनचे काळे तेल, हायड्रॉलिकचे फिकट तेल किंवा डिझेल यांतला फरक ओळखता येतो.

पाण्याची गळती

१) रबरी होज पाईप दाबून पाहावेत. पाईप कडक झाला असेल, फुगला असेल किंवा त्यावर भेगा असतील तर बदलावा. क्लिप प्रमाणाबाहेर आवळू नये, त्याने पाईप कापला जातो.

२) वॉटर पंपाच्या खालच्या बाजूस एक लहान छिद्र असते. त्यातून पाणी ठिबकत असल्यास पंपाचे आतले सील गेले आहे असे समजावे. हे छिद्र खिळा ठोकून किंवा एम-सील लावून कधीही बुजवू नये. तसे केल्यास पाणी बेअरिंगमध्ये शिरते.

३) रेडिएटरच्या झाकणाचे रबर व स्प्रिंग तपासावी. झाकणामुळे आतला दाब दर चौरस सेंटिमीटरला अर्धा किलोने वाढला, तर पाणी १०० ऐवजी सुमारे १११ अंश सेल्सिअसला उकळते. झाकण सैल असेल तर हा फायदा मिळत नाही व पाणी उतू जाते. गरम इंजिनाचे झाकण उघडू नये, वाफेने तोंड व हात भाजतात. तसेच तापलेल्या इंजिनात एकदम थंड पाणी ओतू नये, त्याने हेड तडकते.

तेलाची गळती

प्रथम ब्रीदर साफ करावा. तो मातीने व काजळीने तुंबला की इंजिनातला दाब वाढतो आणि चांगल्या सीलमधूनही तेल बाहेर येते. कित्येकदा एवढ्यानेच गळती थांबते. त्यानंतर टॅपेट कव्हरचे पॅकिंग, तेलाच्या फिल्टरचे रबर, ड्रेन प्लगचा वॉशर आणि चेंबरचे पॅकिंग या क्रमाने तपासावे. पॅकिंग बसवताना दोन्ही पृष्ठभाग खरवडून स्वच्छ करावेत. चिकट पेस्ट पातळच लावावी. जास्तीची पेस्ट सुटून तेलाच्या जाळीत अडकते.

क्लच हाऊसिंगच्या खालच्या छिद्रातून इंजिनचे तेल येत असेल व क्लच घसरत असेल, तर क्रँकचे मागचे सील गेलेले असते. यासाठी ट्रॅक्टर मधून वेगळा करावा लागतो. हे काम जाणकार मिस्त्रीकडूनच करून घ्यावे. त्याच वेळी क्लच प्लेटही तपासून घ्यावी.

आतली गळती सर्वांत धोक्याची

खाली एकही थेंब नाही, तरी रेडिएटरमधले पाणी कमी होते, अशा वेळी सावध व्हावे. पुढील खुणा पाहाव्यात :

• डिपस्टिकवरील तेल दुधी किंवा चहासारखे दिसणे.
• तेलाची पातळी आपोआप वाढणे. (तेल पातळ होऊन डिझेलचा वास येत असेल तर डिझेल उतरत आहे असे समजावे.)
• थंड इंजिन झाकण काढून सुरू केल्यावर रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येणे.
• इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहणे.

शंका असल्यास ट्रॅक्टर रात्रभर उभा ठेवावा व सकाळी सुरू न करता ड्रेन प्लग थोडा सैल करावा. पाणी तेलाखाली बसत असल्याने तेच आधी बाहेर येते. पाणी आढळल्यास इंजिन मुळीच चालवू नये. हेड गॅस्केट जळणे, हेडला चीर जाणे किंवा लायनरचे रबरी रिंग खराब होणे ही याची मुख्य कारणे आहेत. हेड पुन्हा बसवताना ते सरळ आहे का हे पट्टीने तपासावे, गॅस्केट नवीनच घ्यावे आणि नट मधून बाहेरच्या बाजूस, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने पुस्तिकेतील मापाप्रमाणे आवळावेत.

सुटे भाग घेताना

एचएमटीच्या ट्रॅक्टर विभागाचे काम बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ मध्ये घेतला. अशा बंद झालेल्या ट्रॅक्टरचे भाग घेताना जुना भाग सोबत न्यावा. ऑईल सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास व जाडी ही मापे बहुधा छापलेली असतात. ती जुळवूनच सील घ्यावे. शाफ्टवर खाच पडली असेल तर नवे सीलही टिकत नाही, हे ध्यानात ठेवावे.

गळती टाळण्यासाठी

विहिरीच्या क्षारयुक्त पाण्याने रेडिएटरमध्ये व लायनरभोवती थर बसतो. त्याऐवजी स्वच्छ साठवलेले पावसाचे किंवा डिस्टिल्ड पाणी व योग्य प्रमाणात कूलंट वापरावे. कूलंट चवीला गोड पण विषारी असते. काढलेले कूलंट जनावरे व मुले यांच्यापासून दूर ठेवावे. इंजिन तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकू नये. थंड इंजिन डिझेल जास्त खाते व लवकर झिजते.

रोज सकाळी ट्रॅक्टर सुरू करण्यापूर्वी पाणी व तेलाची पातळी पाहून वहीत नोंदवावी. पातळी नेहमीपेक्षा लवकर उतरू लागली की गळती लहान असतानाच लक्षात येते व ऐन पेरणीत ट्रॅक्टर बंद पडत नाही.