हिवताप उतरला, पांडू उरला

पावसाळा सरू लागला की कर्जत-खालापूरच्या पट्ट्यातून थंडी वाजून ताप येणारे रुग्ण आमच्याकडे येतात. त्यांतील एक अनुभव वैद्यबंधूंपुढे ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते. आदिवासी वाडीवरील एका भगिनीचा हिवताप उपचारांनी चार दिवसांत उतरला. रक्तात परजीवी थोडेच आढळले होते आणि पहिल्याच दिवसापासून आम्ही लोहकल्प दिला होता; त्यामुळे निश्चिंत झालो. पंधरवड्याने ती परत आली ती धाप लागलेली व पांढरीफटक.

परजीवी शिरलेली रक्तपेशी फुटते, एवढ्याने हे कोडे सुटत नाही. अभ्यासकांच्या अंदाजानुसार एका बाधित पेशीमागे फॅल्सिपेरममध्ये सुमारे 8, तर व्हायव्हॅक्समध्ये सुमारे 34 अबाधित पेशी नष्ट होतात. यात मोठा वाटा शरीराच्या प्रतिकारयंत्रणेचाच असतो. प्रतिपिंडे व पूरक प्रथिने अबाधित पेशींनाही चिकटतात आणि प्लीहेतील भक्षक पेशी त्यांना गिळतात. दाहजनक द्रव्यांमुळे अस्थिमज्जेतील रक्तनिर्मिती मंदावते. यकृतातून स्रवणारे हेपसिडिन साठ्यातील लोह कोंडून ठेवते आणि आतड्यातील शोषणही रोखते. अशा वेळी दिलेला लोहकल्प बव्हंशी वायाच जातो. परजीवी नष्ट झाल्यावरही ही प्रक्रिया काही काळ चालू राहते.

चरकाचार्यांनी सतत ज्वराचा आश्रय प्रायः रक्तधातू सांगितला आहे. ज्वर शमला तरी रक्तधातूकडे लक्ष हवे, हा त्यातून घ्यावयाचा बोध होय.

लोह निरुपद्रवी असते असेही नाही. झांझिबारच्या पेंबा बेटावरील बालकांना लोह व फॉलिक आम्ल सरसकट दिल्याने गंभीर आजार व मृत्यू वाढल्याचे 2006 साली प्रसिद्ध झाले. हिवतापाच्या प्रदेशात लोहासोबत त्याचे निदान व उपचारही हवेत, ही जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे.

म्हणून आमची पद्धत आता अशी: तापाच्या रुग्णाचा रक्तनमुना त्याच दिवशी तपासावा व प्राथमिक आरोग्य केंद्राचा उपचार पूर्ण करवून घ्यावा. व्हायव्हॅक्समध्ये प्रायमाक्विनचे 14 दिवस चुकू देऊ नयेत. त्या काळात लघवी काळपट झाल्यास औषध थांबवून रुग्णालयात पाठवावे. मंडूर वा लोहभस्म ज्वर शमल्यावर, अग्नी पाहून द्यावे. दुसऱ्या व चौथ्या आठवड्यात हिमोग्लोबिन अवश्य तपासावे.

औषधविक्रेत्या बंधूंनीही अशक्तपणासाठी लोहाची बाटली मागणाऱ्यास एवढेच विचारावे : अलीकडे ताप येऊन गेला काय, आणि रक्त तपासले काय?