दोन शिवणयंत्रांपासून रबाळ्यापर्यंत

ठाण्याहून बेलापूरकडे जाणारा रस्ता एकेकाळी रसायनांच्या उग्र दर्पावरून ओळखला जात असे. खाडीपलीकडच्या या पट्ट्यात सरकारने आगरी-कोळ्यांच्या गावांच्या जमिनी संपादन करून औद्योगिक वसाहत वसविली, पुढे 17 मार्च 1970 रोजी सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना होऊन नवी मुंबई या संपूर्ण नव्या नगराची तजवीज झाली, आणि त्या नगराच्या दप्तरात ज्या उद्योगांची नोंद अभिमानाने झाली ते बहुतेक आम्ले, औषधे आणि यंत्रे यांचे, म्हणजे लोकसमजुतीने पुरुषांचे उद्योग होते. त्याच पट्ट्यातील रबाळे येथून आज स्त्रियांच्या वस्त्रांचा एक विस्तीर्ण व्यवसाय चालतो, तोही एका स्त्रीच्या नावाने, ही गोष्ट नवी मुंबईच्या इतिवृत्तात मात्र क्वचितच आढळते. ती स्त्री म्हणजे वेशरचनाकार अनिता डोंगरे. त्यांच्या उत्कर्षाची कथा इंग्रजी नियतकालिकांनी वारंवार छापली असली, तरी तिची रबाळ्याची बाजू सांगण्याचे कष्ट फारसे कोणी घेतलेले दिसत नाहीत.

उत्कर्षाच्या अशा कथांत नेहमी सांगितली जाणारी ‘सामान्य परिस्थिती’ येथे म्हणजे नेमके काय, हे आधीच स्पष्ट केलेले बरे. अन्नाची भ्रांत असलेल्या घरातून त्या आल्या नाहीत. 1963 साली एका सिंधी कुटुंबात त्यांचा जन्म झाला, बालपणीच्या सुट्ट्या आजोळी जयपुरास गेल्या, आणि तेथील गोटापट्टीचे काम व बाजारातील रंग त्यांच्या डोळ्यांत कायमचे भरले. वाण होती ती परवानगीची. घरच्या मुलीने स्वतःचा व्यवसाय थाटून अर्थार्जन करावे, हा त्या विस्तृत गोतावळ्याचा रिवाजच नव्हता. अशा मुलीला शिक्षणाचे दार उघडून दिले ते महर्षी कर्व्यांनी 1916 साली स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाने. वेशरचनेचे शिक्षण अनिताबाईंनी एस.एन.डी.टी. या त्याच विद्यापीठात घेतले, आणि विधवांच्या व मुलींच्या शिक्षणासाठी ज्यांनी आयुष्य वेचले त्या कर्व्यांना, आपल्या विद्यापीठाची एक विद्यार्थिनी पुढे जगाच्या बाजारपेठेत कपडे विकील याची कल्पना असणे शक्य नव्हते. तथापि स्वतःच्या पायावर उभी राहणारी स्त्री हेच त्यांचे ध्येय असल्यामुळे ते या बातमीने खट्टू झाले नसते, असे मला वाटते.

प्रारंभ झाला तो घरातल्या लहानशा जागेत मांडलेल्या दोन शिवणयंत्रांवर, धाकटी बहीण मीना यांच्या साहाय्याने. आरंभी येथे शिवलेला माल दुकानदारांना पुरविला जाई. पुढे 1995 साली या दोघी बहिणी आणि बंधू मुकेश सावलानी यांनी मिळून कंपनी स्थापन केली. येथवरची हकीकत शेकडो लहान कारखानदारांच्या हकीकतीहून फारशी निराळी नाही. निराळेपण आले ते एका नकारातून. नोकरीस जाणाऱ्या स्त्रीला माफक किमतीत मिळावेत असे पाश्चात्त्य धर्तीचे सुटसुटीत कपडे त्यांनी तयार केले, तेव्हा असा माल खपणार नाही, असे सांगून दुकानदारांनी तो घेण्याचे नाकारले. म्हणून 1999 साली ‘अँड’ या नावाने त्यांनी स्वतःचेच दुकान काढले. आपल्या गिऱ्हाइकाची ओळख मध्यस्थाला नसून आपल्याला आहे, इतका विश्वास ज्याला असतो त्यानेच अशी जोखीम पत्करावी.

हा विश्वास किती अवघड होता, हे समजण्यासाठी तयार कपड्यांच्या धंद्यातील एक खोच ध्यानी घ्यावी लागते. शिंप्याकडे शिवलेला कपडा एका देहासाठी बेतलेला असतो. छाती, कंबर, खांदा, बाही यांची मापे वहीत उतरतात, मास्टर कापड बेततो, आणि चुकल्यास शिवण उसवून पुन्हा टीप घालता येते. तयार कपडा मात्र कधीही न पाहिलेल्या हजारो देहांसाठी एकाच वेळी कापावा लागतो. कापडाचे थर एकावर एक अंथरून कापणी होते, मग एका हाताकडे बाही, दुसऱ्याकडे गळा, तिसऱ्याकडे काज-बटण अशी कामाची वाटणी होते, दोरे छाटले जातात, इस्त्री फिरते, आणि मूळ मापात अर्ध्या इंचाची चूक असली तर ती संपूर्ण गठ्ठ्यात उतरते. त्यात भारतीय स्त्रीच्या देहाचा प्रमाणित तक्ताच आपल्याकडे नव्हता! परदेशी कोष्टकांवर भागवाभागव चाले. या उणिवेची सरकारी दखल घेऊन सहा शहरांतील 25,000 माणसांची मापे घेण्याची योजना ‘निफ्ट’ या फॅशन-शिक्षणसंस्थेने हाती घेतली ती 2018 च्या सुमारास, म्हणजे ‘अँड’च्या दुकानानंतर जवळजवळ दोन दशकांनी. या निफ्टचे मुंबई केंद्र नवी मुंबईतच, खारघरला आहे, हा योग सुखद म्हणावा लागेल.

पुढचा विस्तार झपाट्याने झाला आणि तो झपाट्यानेच सांगण्याजोगा आहे. 2007 साली ‘ग्लोबल देसी’ आली; 2013 च्या सुमारास जनरल अटलांटिक या अमेरिकी गुंतवणूकदार संस्थेने सुमारे 23 टक्के हिस्सा घेतला; 2015 साली कंपनीला ‘हाउस ऑफ अनिता डोंगरे’ हे नाव मिळाले; 2017 साली न्यूयॉर्कला दुकान उघडले. 10 एप्रिल 2016 रोजी मुंबईच्या ओव्हल मैदानावर ब्रिटिश राजघराण्यातील, तेव्हाच्या केंब्रिजच्या डचेस केट यांनी त्यांचा पोशाख घालून सचिन तेंडुलकर व दिलीप वेंगसरकर यांच्या उपस्थितीत बॅट फिरविली, आणि गिऱ्हाइकांच्या गर्दीने कंपनीचे संकेतस्थळच कोलमडले. वृत्तपत्रांना हा प्रसंग उत्कर्षाचा कळस वाटला. मला त्यात जाहिरातीचा एक भाग्यवान दिवस दिसतो, अधिक काही नाही.

वेशरचनेला मान मिळवून देणारी पहिली स्त्री अनिताबाई नव्हेत, हेही येथे नमूद केले पाहिजे. कोल्हापूरच्या राजोपाध्ये घराण्यातील भानू अथय्या यांनी जे.जे. कलाशाळेत चित्रकला शिकून, नियतकालिकांसाठी वेषचित्रे काढून चित्रपटसृष्टीत प्रवेश केला, आणि ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी 1983 साली जॉन मोलो यांच्यासह ऑस्कर मिळविले. भारतीय व्यक्तीला मिळालेले ते पहिले ऑस्कर. विदिशेच्या वैशाली षडांगुळे तरुणपणीच घर सोडून निघाल्या, मालाडला छोटे दुकान थाटले, हातमागाच्या वस्त्रांचा ध्यास घेतला आणि 2021 साली पॅरिसच्या ओत कुत्यूर सप्ताहात पोहोचल्या. हलाखीतून उत्कर्ष या दृष्टीने पाहिल्यास त्यांची वाट डोंगरे यांच्याहून खडतर होती. पण अथय्या यांची कला पडद्यावर आणि वैशालीताईंची मोजक्या रसिकांच्या अंगावर राहिली. कचेरीत जाणाऱ्या सामान्य मुलीच्या कपाटात शिरल्या त्या अनिताबाई, आणि माझ्या मते त्यांचे खरे कर्तृत्व तेथेच आहे.

दुसरे कर्तृत्व रबाळ्यापासून उत्तरेकडे, पालघर जिल्ह्यात पाहावयास मिळते. चारोटी, धानिवरी, जव्हार या आदिवासी मुलखात त्यांच्या प्रतिष्ठानाने स्त्रियांसाठी शिवणकेंद्रे काढली. रोजगारासाठी वीटभट्टीवर किंवा शहरात स्थलांतर करणे हा ज्या भागाचा वार्षिक क्रम, तेथे गावातच यंत्र चालवून मोबदला मिळणे ही मामुली बाब नव्हे. 2015 साली सुरू झालेल्या ‘ग्रासरूट’ या शाखेने इला भट्ट यांच्या ‘सेवा’ या श्रमिक स्त्रियांच्या संस्थेतील भरतकाम करणाऱ्या स्त्रियांनाही काम दिले. आणि 2020 च्या महामारीत, दुकाने बंद असताना, लहान पुरवठादार व कारागीर यांच्या औषधोपचारासाठी दीड कोटी रुपयांचा निधी उभारण्यात आला, तर पालघरच्या केंद्रांतून मुखपट्ट्या शिवल्या गेल्या.

तथापि स्तुतीबरोबर एक अपेक्षाही नोंदविणे आढावाकाराचे काम आहे. लाखांच्या घरात किंमत जाणाऱ्या विवाहवस्त्रावर रचनाकाराचे नाव ठळक असते, पण त्यावर महिनोन्महिने सुई चालविणाऱ्या हातांचे नाव नसते; हा संपूर्ण व्यवसायाचा जुना दोष आहे आणि तो एका कंपनीच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. परंतु ज्या बाईंनी दुकानदारांचा नकार झुगारून नवा पायंडा पाडला, त्यांनीच हाही पायंडा पाडावा: भरतकाम कोणत्या गावी झाले, कोणी केले आणि त्याची मजुरी किती दिली, हे कपड्याच्या चिठ्ठीवर छापावे. नवी मुंबई महानगरपालिका शहराचा इतिहास जेव्हा केव्हा लिहवून घेईल, तेव्हा रासायनिक कारखान्यांच्या यादीशेजारी रबाळ्याच्या या शिवणकामाचे प्रकरणही तिने अवश्य समाविष्ट करावे, अशी विनंती आहे.